रत्नागिरीत नव्याने आलात, घरात पोरं आहेत? रविवार असा काढा

बदलीचा कागद हातात पडला तेव्हा नाशिकच्या ब्रँचमध्ये सगळ्यांचं एकच पालुपद होतं, "मजा आहे बाई तुझी, रोज समुद्र!" रत्नागिरीत सामान लावून झालं, नोव्हेंबरातला पहिला रविवार उजाडला आणि आम्ही पाच जण साडेअकराच्या सुमारास मांडवीला पोचलो. मी, नवरा, नऊ वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. पुळण जागेवर नव्हती. लाटा थेट दगडांवर आपटत होत्या, वाळू उरली होती दोन सतरंज्या अंथरता येतील एवढी, आणि पहिल्या पाच मिनिटांत धाकट्याची एक चप्पल समुद्राने नेली.

पुढच्या रविवारी एका नावाजलेल्या किनाऱ्यावर गेलो. पार्किंग, घोडागाडी, पाण्यातली स्कूटर, दोनदा मॅगी. तीन तासांत अठ्ठावीसशे रुपये. त्यातल्या वीस मिनिटांत पोरं हसली, उरलेल्या वेळात "अजून एकदा" म्हणून रडली. तिसऱ्या रविवारी कोणी बाहेर पडायचं नावच काढलं नाही. दोघं मोबाइलवर, मी कपाटं आवरत.

शेजारच्या काकींनी पायरीवरची एकटी चप्पल बघून विचारलं होतं, "पुनवेच्या दिवशी भर दुपारी गेलात? पानी चडलेलं आसनार गो. पंचांग नाय बघितलंस?" तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. नंतर कळलं की आमचे रविवार फुकट का जात होते त्याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. तेव्हापासून तीन वर्षं झाली. जे चुकत-माकत शिकलो ते क्रमाने सांगते. ठिकाणं बहुतेक रत्नागिरी आणि आसपासची आहेत, पण पहिली पायरी दापोली ते वेंगुर्ला कुठेही चालेल.

१. आधी तिथी बघा, मग ठिकाण ठरवा

आपण शहरातली माणसं ठिकाण ठरवतो आणि मग वेळ. इथे उलटं करायचं. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी असते, तेवढ्यावर काम भागतं.

काकींचं गणित असं: तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ.

समजा रविवारी षष्ठी आहे. सहाचा पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला आणि दुपारी साडेचारला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी साडेदहाला. मुलांना घेऊन जायला याहून सोयीचा मुहूर्त नाही. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या. पंधराचा पाऊणपट सव्वाअकरा. आमची चप्पल साडेअकराला गेली होती.

हा अंदाज आहे, तासभर इकडे-तिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात. गावाचं नाव मात्र नीट निवडा, मुंबईची वेळ रत्नागिरीला लावू नका. पण पाऊणपटाचं गणित पोरांना शिकवाच. आमची थोरली तिनाचा आणि चाराचा पाढा रडत म्हणायची, हे गणित तिने एका दिवसात उचललं, कारण त्यावर सहल अवलंबून होती.

आणखी दोन शब्द कानावर पडतील. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास "उधाण" असतं: पाणी खूप चढतं आणि उतरतंही खूप. अष्टमीच्या आसपास "भांग" असते: चढ-उतार दोन्ही बेताचे. खडकातली डबकी बघायची असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी धरायची, कारण तेव्हाच एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. ती ओहोटी आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या आसपास येते.

यातून एक फार कामाची गोष्ट निघते. आठवड्याभरात वेळ जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी सकाळी अकराला भरती असेल तर पुढच्या रविवारी त्याच सुमाराला ओहोटी. एक रविवार ओहोटीचा, एक भरतीचा, असं आलटून पालटून वर्षभर चालतं. महिन्याच्या सुरुवातीला कॅलेंडरवर चार रविवारांपुढे "भ" आणि "ओ" लिहून टाका. आमच्याकडे हे काम धाकट्याचं आहे. कधी कधी तो शाळेच्या परीक्षेपुढेही "भ" लिहितो, ते सोडून द्या.

२. एक पिशवी कायमची भरून ठेवा

रविवारी सकाळी शोधाशोध सुरू झाली की दहा वाजतात आणि दहानंतर उन्हाचा चटका. आमची पिशवी दाराच्या मागे टांगलेली असते. त्यात:

- पकड असलेले जुने बूट, प्रत्येकाचा एक जोड. खडकावर चप्पल आणि अनवाणी पाय दोन्ही नकोत; कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.
- सगळ्यांची आधार कार्डं. एसटीत वयाची सवलत मागताना लागतात.
- सुटे पैसे, विशेषतः दहा-वीसच्या नोटा. पुढच्या वाडीत रेंज असेलच असं नाही, आणि रेंज नाही तर स्कॅन करून पैसेही नाहीत.
- पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, मीठ-साखरेची पुडी, टोप्या.
- जुनी पिठाची चाळणी आणि एक पांढरा प्लास्टिकचा डबा.
- लोहचुंबक. कशाला, ते पुढे येतंच.
- बॅटरी, पट्टी, हळदीची पुडी, एक सुका टॉवेल जो कोणीही ओला करायचा नाही.
- मोकळी पिशवी, आपला कचरा परत आणायला.

खाणं घरून. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी, केळी. बाहेर जेवायचंच असेल तर खानावळीत बसण्याआधी दोन प्रश्न विचारा: थाळी कितीची आणि त्यात मासा कुठला. सुरमई आणि बांगडा यांच्या थाळीत बराच फरक असतो, आणि पोरांना तो कळत नाही. बांगडा सांगा. एका थाळीत धाकट्याचा भात, आमटी आणि सोलकढी सहज निघते.

३. जायचं कसं

आमच्याकडे एकच दुचाकी आहे आणि माणसं पाच, त्यामुळे एसटी. खरं सांगायचं तर एसटीने आमचा निम्मा खर्च वाचवला. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढे मोफत. म्हणजे आमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं, आणि ते तो दर वेळी बोलून दाखवतो. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या बसला या सवलती लागू होतातच असं नाही, कंडक्टरला आधी विचारा.

एसटीचा सापळा एकच: परतीची गाडी. गावातली शेवटची गाडी किती वाजता, ती रविवारी असते का, हे जातानाच्या कंडक्टरला उतरण्याआधी विचारायचं. बऱ्याच वस्तीच्या आणि शाळेच्या गाड्या रविवारी धावत नाहीत. आम्ही एकदा पावस गावाच्या पुढे दीड तास फाट्यावर बसलो. शेवटी एका टेम्पोवाल्याने रिकाम्या क्रेटमध्ये जागा करून आणलं. पोरांच्या मते ती सगळ्यांत भारी सहल.

रेल्वेची गंमत वेगळी. नुसतं पॅसेंजरमध्ये बसून संगमेश्वर रोडपर्यंत जाणं हीच एक सहल होते. भोके आणि उक्षी या स्टेशनांच्या मधे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. पोरांना आत शिरताना मोजायला लावा. पहिल्या वेळी धाकटा चारशे बारावर थकला आणि उजेड तरीही आला नव्हता. दक्षिणेला निघालात तर निवसरच्या आधी पानवलचा पूल लागतो, ६५ मीटर उंच. खिडकीतून खाली बघितलं की माडांची झावळं पायाखाली दिसतात. पॅसेंजर मोजक्याच असतात आणि वेळा अडनिड्या, म्हणून जाताना रेल्वे आणि येताना एसटी असं आम्ही धरतो.

४. "ओ" चा रविवार: पुळण आणि खडक

रत्नागिरीकर मांडवीच्या समुद्राला काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. रंग वाळूचा. नवीन माणूस काळी वाळू बघून "घाण आहे का" म्हणतो, मीही म्हटलं होतं. ती घाण नाही. या किनाऱ्यावरच्या वाळूत इल्मेनाइट नावाचं खनिज आहे, ज्यातून टायटॅनियम काढतात, आणि जोडीला मॅग्नेटाइटचे कण.

आता चुंबक काढा. बिघडलेल्या स्पीकरमधला असेल तर उत्तम, जोर चांगला असतो. तो एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण उघड्या चुंबकाला चिकटलेली वाळू नंतर जन्मभर निघत नाही. पिशवीसकट वाळूवरून फिरवा. काळे कण सरसर उठून उभे राहतात, साळिंदराच्या काट्यांसारखे. मग पिशवी उलटी करायची, चुंबक बाहेर काढायचा, कण पिशवीत. कोरडी वाळू असेल तर अर्ध्या तासात छोटी बरणी भरते. घरी आल्यावर कागदावर हे कण पसरून खालून चुंबक फिरवला की ते कागदावर पळतात. आमचे पावसाळ्यातले कितीतरी तास या एका बरणीने काढलेत. खर्च शून्य.

ओल्या वाळूवर आणखी एक काम. ओहोटी लागली की बोटभर रुंद भोकांभोवती मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसते. ती काढणारा खेकडा नखाएवढा असतो. वाळूतलं खाण्याजोगं तेवढं तो काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. तुम्ही हललात की तो आत. म्हणून हाताच्या अंतरावर उकिडवं बसायचं आणि गप्प राहायचं. धाकटा सहसा तीन सेकंद गप्प राहत नाही. खेकड्यासाठी चार मिनिटं राहिला, मी घड्याळ लावलं होतं.

खडकाळ किनाऱ्यावर जायचं तर पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे जायचं आणि उतरायचं थांबलं की परत फिरायचं. डबक्यात शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, खडकाला चिकटलेली समुद्रफुलं, बेडकासारखे उड्या मारणारे छोटे मासे दिसतात. पांढरा डबा पाण्याने भरून त्यात एखादा शंखवाला खेकडा दोन मिनिटं ठेवा, बघा आणि जिथला तिथे सोडा. उलटवलेला दगड पुन्हा पालथा घालायचा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हाने मरतात. आणि शंकूच्या आकाराचे नक्षीदार जिवंत शंख उचलू द्यायचे नाहीत. त्यातल्या काही जातींचा डंख विषारी असतो.

तिसरा पर्याय मिरकरवाडा बंदर. सकाळी लवकर बोटी लागतात, लिलाव चालतो, टोपल्या भरतात. पोरांनी पुस्तकात वाचलेला मासा आणि इथला मासा यात फरक असतो: इथला वास मारतो. थोरलीने नाक दाबून पाकट, म्हाकूल, शिंगाडा, वाम यांची नावं वहीत उतरवली. विचारलं तर कोळणी सांगतात, पण धंद्याची घाई ओळखून विचारायचं. फरशी घसरडी असते, लहानाचा हात सोडू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊ नका, काही दिसणार नाही.

५. "भ" चा रविवार: पाणी लांबून

नवीन कुटुंबं भरतीच्या दिवशी घरी बसतात. गरज नाही. जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते, गाड्या-माणसं सगळी एकत्र चढतात. पायी माणसाचं तिकीट किरकोळ. पलीकडे एसटी क्वचित, म्हणून या सहलीला एखादं ओळखीचं कुटुंब गाडीसकट गाठा आणि पेट्रोल वाटून घ्या. तवसाळहून हेदवीला जायचं. दशभुज गणपतीचं देऊळ आहेच, पण पोरांना ओढ बामणघळीची. समुद्रकाठच्या खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीची लाट तिच्यात शिरली की पाणी कोंडतं आणि धडाड आवाज होऊन फवारा उंच उडतो. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि "एवढ्यासाठी आलो?" होईल. भरतीला मात्र घळीच्या तोंडाशी जायचं नाही, मागच्या कोरड्या दगडावरून बघायचं. दगड ओला दिसला म्हणजे लाट तिथवर येते.

शहरातच राहायचं असेल तर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य १८८५ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि त्याला पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० चा. १९१६ मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. ही गोष्ट आधी घरी सांगून न्या, नाहीतर पोरांना ते नुसतं मोठं घर वाटतं. "त्याला घरी का नाही जाऊ दिलं?" हा प्रश्न आमच्याकडे आठवडाभर चालला. तिथून थिबा पॉइंटवर जाऊन भाट्याची खाडी बघायची.

झाडगावला सागरी जैविक संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, देवमाशाचा सांगाडा आहे. सुट्टीच्या दिवशी उघडं आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर अर्ध्या तासाचं काम. रत्नदुर्गावर संध्याकाळी जा. सासूबाईंसारखं कोणी बरोबर असेल तर रिक्षा वरपर्यंत जाते.

६. सड्यावरची चित्रं

यावर वेगळं लिहिते कारण बाहेरून आलेल्यांना हे ठाऊकच नसतं आणि इथल्यांना त्याचं अप्रूप नसतं. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत, कातळशिल्पं म्हणतात. २०२२ मध्ये त्यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. उक्षीला हत्ती आहे. कशेळीचा हत्ती त्याहून मोठा, जवळपास अठरा मीटर लांब, एसटीपेक्षा लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. आज कोकणात गेंडा शोधून सापडणार नाही, पण कातळावर कोरलेला सापडतो. थोरली तिथे बराच वेळ उभी राहून म्हणाली, "ज्याने काढला त्याने बघितला असणार ना?" मला तिला याहून चांगलं उत्तर देता आलं नाही.

जायचं ते सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर. उन्हं तिरपी असताना रेघांत सावली पडते आणि चित्र उठून येतं. बाराच्या उन्हात तोच कातळ सपाट दिसतो आणि तापतोही तव्यासारखा. सड्यावर झाड नाही, आडोसा नाही, पाणी नाही. रेघांवर पाय द्यायचा नाही, खडूने गिरवायचं नाही, फोटोसाठी पाणी ओतायचं नाही. गावात थांबून विचारा, गावकऱ्यांपैकी कोणी सोबत येतं. त्यांच्या हातावर शंभर रुपये ठेवा, ते मागणार नाहीत. कशेळीला गेलात तर कनकादित्याचं देऊळ जवळच आहे, तिथे सावली आणि पाणी दोन्ही मिळतं.

७. महिना बघून

फेब्रुवारी अखेर ते एप्रिल कासवांचा हंगाम. ऑलिव्ह रिडले माद्या किनाऱ्यावर शंभरेक अंडी घालून जातात, पन्नासेक दिवसांत पिल्लं निघतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून हे काम चाललंय आणि गावात घराघरांत राहायची-जेवायची सोय होते. रत्नागिरीतून ते फार लांब पडतं. आपल्याला पावस-पूर्णगडच्या पुढचं गावखडी जवळ. पिल्लं पहाटे आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात, पण रोज निघतातच असं नाही. कासवमित्रांना किंवा गावात फोन करूनच निघा, आणि पोरांना आधीच सांगून ठेवा की कदाचित दिसणार नाहीत. आम्हाला दुसऱ्या खेपेला अकरा दिसली. मोबाइलचा फ्लॅश बंद, दोरीच्या पलीकडे जायचं नाही, हातात घ्यायचं नाही.

मार्चमध्ये शिमगा. पालखी गावात फिरते, सहाणेवर (पालखी बसते त्या ठरलेल्या जागी) नाचवतात, रात्री नमन, म्हणजे गाणी-सोंगांचा खेळ. तिकीट नाही, आमंत्रणही लागत नाही, पण ओळखीच्या माणसाच्या गावी जा म्हणजे कुठे उभं राहायचं ते कळतं. ढोल कानाशी वाजतात, लहानांना जरा मागे ठेवा.

एप्रिल-मे करवंदं, जांभळं, काजूचे बोंडू. सड्याच्या कडेची जाळी कोणाची तरी असू शकते, विचारून तोडा. बोंडूचा रस कपड्यावर पडला की डाग जात नाही. पांढरा शर्ट घालून गेलेल्या माझ्या नवऱ्याला हे विचारा.

पावसात समुद्रावर जायचं नाही, एवढंच. निवळीचा धबधबा लांबून बघा, परशुराम घाटाजवळचा सवतसडा बघा, पण पऱ्यात (ओढ्यात) पाय घालायच्या आधी वरच्या डोंगराकडे नजर टाका. वर पाऊस काळा झालेला असेल तर खाली पाणी अचानक वाढतं. उरलेल्या रविवारांना वाचनालय. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. पोरांच्या नावाने वर्गणी भरा, स्वतःचं कार्ड मिळालं की वाचनही वाढतं. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग लागतात, तिकीट नाममात्र. मुलांना समजेल असं नाटक आहे का ते विचारून जा.

थंडीत संगमेश्वर तालुक्यात तुरळ-राजवाडीची गरम पाण्याची कुंडं. पहाटे वाफ दिसते. आधी स्वतःचा कोपर बुडवा, मग पोराला उतरवा.

८. इथे फसू नका

आरे-वारे. वरून रस्त्यावरून बघायला इतका सुंदर की गाडी थांबवल्याशिवाय राहवत नाही. बघा, फोटो काढा, पाण्यात उतरू नका. गणपतीपुळ्यालाही तेच: देवळाची टेकडीभोवतीची प्रदक्षिणा घाला, पाय भिजवा, पण गुडघ्याच्या वर पाणी नको. इथल्या ओढीने पट्टीचे पोहणारे नेलेत. किनाऱ्यावर राहणारी माणसं जिथे अंघोळ करत नाहीत तिथे आपण करायची नाही, हा आमच्या घरातला नियम आहे, त्यावर चर्चा नाही.

पाण्यातल्या खेळांचं पॅकेज. "पाच राइड्स" म्हणतात, मोजायला गेलं की प्रत्येक दोन मिनिटांची. घ्यायचंच तर एकच घ्या, वेळ आधी ठरवा, जॅकेट अंगाला बसतंय का बघा. लहान मापाचं जॅकेट नसेल तर पोराला बसवू नका, मग ते कितीही रडो.

एका दिवसात तीन ठिकाणं. पाहुणे आले की हा मोह होतो. पोरं गाडीत झोपतात, उठवलं की भांडतात. एक ठिकाण, एक खाणं, अंधाराच्या आत घर.

आमच्या पाच जणांच्या साध्या रविवारचा खर्च एसटी धरून तीनशे-चारशेत बसतो. फेरीबोट-हेदवीच्या वेळी पेट्रोलसकट सातशेपर्यंत गेला. कॅलेंडरवर येत्या रविवारी "ओ" आहे. काळ्या कणांची बरणी मागच्या आठवड्यात धाकट्याने शाळेत नेऊन वर्गातल्या मित्राला देऊन टाकली, त्यामुळे ती परत भरायला मांडवीला जायचंय. काकी म्हणाल्यात, "सकाळी नवाला निगा, मी पन येतंय."